बत्तीस एकर निवडुंग

कारखाना कुठे काढायचा, याचे काही ठरलेले हिशेब असतात. कच्चा माल जवळ हवा, पाणी हवे, कारागीर हवेत, माल खपवायला बाजारपेठ हवी. १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या बत्तीस एकर माळाला हे हिशेब लावले असते, तर कुणीही व्यवहारी माणूस आल्या पावली परत गेला असता. माळभर निवडुंग माजलेला, त्यात सापांचा सुळसुळाट आणि पाण्याची बोंब. जमेची बाजू म्हणावी तर शेजारून जाणारा रेल्वेचा रूळ, एवढीच. त्या वर्षी १० मार्चला लक्ष्मणराव किर्लोस्कर पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन तिथे उतरले. त्या माळाची पुढे किर्लोस्करवाडी झाली आणि स्टेशनानेही तेच नाव घेतले.

मी याच पट्ट्यातला. पलूस आणि कुंडलच्या मधल्या एका वस्तीवर वाढलो आणि पुढे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोल्डरचा ट्रेड शिकवण्यात माझी नोकरी झाली. म्हणून या वाडीकडे मी पाहतो ते ओतकाम करणाऱ्याच्या नजरेने. ध्येयवादी उद्योग, मूल्ये जपणारी कंपनी असे शब्द अलीकडे फार ऐकू येतात, आणि ऐकणाऱ्या पोरांना वाटते की ही कल्पना नुकतीच कुठूनतरी बाहेरून आली. तिचा एक मोठा दाखला आमच्या घरापासून सायकलच्या अंतरावर घडून गेला. तो नीट सांगायला हवा, कारण त्यात भाबडेपणा नव्हता. तिथे प्रत्येक गोष्टीची किंमत मोजलेली होती.

लक्ष्मणराव बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म १८६९ चा. संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर त्याच गावचे. लक्ष्मणरावांना चित्रकार व्हायचे होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत नाव घातल्यावर कळले की काही रंग त्यांच्या डोळ्यांना नीट ओळखूच येत नाहीत. मग त्यांनी यांत्रिक रेखाटनाची वाट धरली आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत ते शिकवू लागले. हक्काची बढती आली तेव्हा ती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले. तिथे थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासोबत सायकलींचा धंदा होता. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही कंपनी आपला जन्म १८८८ पासून मोजते, तो या सायकलींच्या दुकानापासून.

सायकल तेव्हा हौसेची आणि ऐपतीची वस्तू होती. गिऱ्हाईक थोडे, पण रोकडे. त्या धंद्यात राहून दोघा भावांचे उत्तम चालले असते. लक्ष्मणरावांचे लक्ष मात्र भोवतालच्या शिवाराकडे होते. आधी त्यांनी कडबाकुट्टीचे यंत्र केले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. पैसेवाल्या गिऱ्हाइकाकडून ते ज्याच्या हाती वर्षातून एकदाच पैसा येतो अशा गिऱ्हाइकाकडे वळले. माझ्या मते किर्लोस्करवाडीचा खरा पाया इथे पडला. माळावर पहिली कुदळ पडली ती पुढे सात वर्षांनी.

पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. लोखंडाने जमिनीला विष बाधते, पीक येत नाही, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, असे सगळेच सांगतात आणि हसून पुढे जातात. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. लाकडी नांगर गावचा सुतार करून द्यायचा, मोडला तर जोडून द्यायचा, आणि सुगीला बलुत्याचे धान्य घेऊन जायचा. सगळा व्यवहार गावातल्या गावात आणि तोही बिनपैशाचा. लोखंडी नांगर रोख पैसे मोजून आणायचा, आणि पेरणीच्या तोंडावर तो मोडला तर जायचे कुणाकडे? ज्याचे वर्षभराचे पोट एका पावसाळ्यावर अवलंबून, त्याने नव्या अवजाराचा संशय धरला तर तो शहाणपणाच होता. त्या दोन वर्षांत लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला अडाणी ठरवले नाही आणि नांगर करणेही सोडले नाही.

नांगराचे काम काय, हे ज्याने औत धरले आहे त्याला माहीत असते. लाकडी नांगर माती चिरत जातो. पंख्याचा लोखंडी नांगर तीच माती खोलवरून उचलून उलथी करतो. हरळी आणि कुंदा या तणांच्या मुळ्या वर येतात आणि उन्हात वाळून मरतात. कृष्णाकाठच्या काळ्या रानात हरळीने माणसे हैराण व्हायची. खणून खणून कंबर मोडायची, तरी कांडे राहिले की पुन्हा फूट. त्या रानांना हा नांगर म्हणजे मोठा आधार होता, पण फाळ टिकला तरच.

फाळ टिकणे हा सगळा ओतकामाचा प्रश्न आहे. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कडक असते, पण ठिसूळ असते. नुसतेच कडक ओतले तर पहिल्या दगडाला टोक उडते, आणि मऊ ठेवले तर भराभर झिजते. आम्ही पोरांना शिकवायचो, की फाळाच्या धारेपाशी साच्यात वाळूऐवजी लोखंडाचा ठोकळा बसवायचा. त्याला चिल म्हणतात. वितळलेला रस चिलला भिडला की तिथल्या तिथे थिजतो आणि तेवढी कड पांढरी, कडक होते. मागचे अंग वाळूत सावकाश निवते, म्हणून ते करडे आणि दणका सोसणारे राहते. एक फाळ घणाने फोडून तुटलेली बाजू दाखवली की दोन रंग वेगळे दिसतात, आणि पोरांच्या ते जन्मभर लक्षात राहते. आता चिल जरा ओलसर राहिला, वाळू नीट ठासली गेली नाही, की आत वाफ कोंडते आणि फाळात पोकळी धरते. बाहेरून काही कळत नाही. वर रंगाचा हात फिरवला की चांगला फाळ आणि पोकळ फाळ दुकानात सारखेच दिसतात.

या धंद्यातली नीती मला या रंगाच्या खाली दिसते. विकत घेताना शेतकऱ्याला दोष दिसत नाही. तो दिसतो सहा बैल जुंपल्यावर, रानाच्या मधोमध. विकणाऱ्याला तोवर पैसे मिळालेले असतात. ज्याला या वर्षीचाच गल्ला मोजायचा आहे, त्याला पोकळ फाळ मोडीत टाकणे जिवावर येते. ज्याला त्याच शेतकऱ्याच्या मुलाला पुढे नांगर विकायचा आहे, त्याला तो मोडीत टाकावाच लागतो. लांबचे पाहणे म्हणजे फौंड्रीत रोज संध्याकाळी नापास मालाच्या ढिगाकडे पाहून ठरवायची गोष्ट आहे.

बेळगावात नांगराने जरा मूळ धरले, तोच नगरपालिकेने जागा मोकळी करायला सांगितले. तिथे नवी वस्ती वसवायची होती. कारखाना उचलून न्यायचा कुठे? अशा वेळी औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी हात दिला. संस्थान बहात्तर गावांचे, तेही तुकड्यातुकड्यांत विखुरलेले. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. रंगांनी दगा दिलेल्या या यांत्रिकाशी त्यांचा जुना स्नेह होता. त्यांनी आपल्या मुलखातली कुंडल रोडची जमीन देऊ केली आणि दहा हजार रुपये कर्ज दिले. लहान संस्थानाच्या तिजोरीतून त्या काळी दहा हजार काढणे सोपे नव्हते.

माळावर आल्यावर लक्ष्मणरावांनी नुसती कारखान्याची शेड उभी करून काम भागवले नाही. इंग्लंड-अमेरिकेत काही कारखानदारांनी कामगारांसाठी गावे वसवली होती, त्यांची वर्णने त्यांनी वाचली होती. तसे गाव इथे करायचे, हे त्यांनी आधीपासून मनात धरले होते. रामूअण्णांनी आखणी आणि वसाहतीचा कारभार अंगावर घेतला. शंभूराव जांभेकरांनी यंत्रे सांभाळली, मंगेशराव रेग्यांनी हिशेब. अनंतराव फळणीकर हे शाळेच्या शिक्षणात मागे पडलेले, पण वाडीच्या उभारणीत पहिल्या फळीत राहिले. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाईंनी सुरुवातीच्या दिवसांत सगळ्या मंडळींच्या जेवणाची काळजी वाहिली. माणसे निवडताना प्रमाणपत्र किंवा कूळ पाहिलेले दिसत नाही, हाताला काय येते आणि मनात काय आहे ते पाहिलेले दिसते.

याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे वाडीचे पहारेकरी. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे दोघे शिक्षा झालेले कैदी. लक्ष्मणरावांनी त्यांच्याच हाती वाडीची राखण सोपवली. आज वाचताना ही गोष्ट गोड वाटते, पण त्या काळात ती किती अवघड होती हे ध्यानात घ्यायला हवे. रामोशी, मांग, बेरड अशा जातींवर जन्मापासून गुन्हेगारीचा शिक्का मारलेला असायचा. आमच्या भागात त्यांना पाटलाच्या चावडीवर हजेरी द्यावी लागे, आणि कुठे चोरी झाली की पहिली धरपकड त्यांची. ज्याच्यावर सरकारचा आणि गावाचा पहारा, त्यालाच पहारेकरी नेमायचे, हा निर्णय उपकाराच्या भाषेत बसत नाही. वसाहतीत बायकापोरे होती, भांडवल होते, कर्जाचे पैसे होते. सगळेच पणाला लावून टाकलेला तो विश्वास होता, आणि तो त्या दोघांनी सार्थ केला. म्हणून या गोष्टीचे अर्धे श्रेय तुकाराम आणि पिऱ्या यांचे आहे.

याच औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. ग. दि. माडगूळकर त्याच भागातले. त्यांनी लिहिलेला आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली काढलेला ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट स्वतंत्रपूरवरून सुचला. तो सगळ्या देशाने पाहिला. पण त्याच मातीत एका फौंड्रीच्या फाटकावर हा प्रयोग त्याच्या एक पिढी आधी झाला होता, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हाही पहिल्यापासूनचा दंडक. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. त्याच्या पुष्कळ आधी, सातारा-सांगलीच्या खेड्यांत सावलीचा विटाळ मानला जात असताना, इथे शेजारीशेजारी राहायचे आणि एकत्र काम करायचे होते. नियम केल्याने मने लगेच बदलत नाहीत हे खरे. पण पगार, घर आणि शेजार एका नियमाखाली आले की मनांना बदलायला निदान एक जागा मिळते.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि बाहेरून येणारे लोखंड आटले. ओतायला बीडच नाही, मग नांगर कसले करणार? तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा मोडीसाठी दिल्या. ज्या तोफांनी कधीकाळी किल्ले राखले, त्यांचा रस होऊन तो नांगरांच्या साच्यांत उतरला. याच शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात ती हजेरीची पद्धत बंद केली. मला या दोन गोष्टी एकाच विचारातून आलेल्या वाटतात. आपल्या हाती जे आहे ते, मग ती तोफ असो की हुकूम, रयतेच्या कामी लावायचे.

१९२० साली दोन गोष्टी झाल्या. धंद्याची रीतसर मर्यादित कंपनी झाली, आणि लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखान्याच्या मालाची माहिती देणारे ते पत्रक. बघता बघता त्यात शेतीचे, धंद्याचे, समाजाचे विषय येऊ लागले आणि त्याचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० साली ‘स्त्री’ निघाले, १९३४ साली ‘मनोहर’. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरचे आणि रूढींवर कोरडे ओढणारे निबंध ‘किर्लोस्कर’मध्ये आले. ‘स्त्री’ने बायकांचे शिक्षण, लग्न, संसार, त्यांच्या इच्छा आणि त्यांच्यावरचे अन्याय यांवर लिहायला बायकांना हक्काची पाने दिली. शेजारी भट्टी पेटलेली, पलीकडे छापखाना चालू, आणि अंकांचे गठ्ठे रेल्वेने महाराष्ट्रभर जात आहेत, असे या आडगावी माळावर चालले होते. आमच्या वस्तीवर ‘स्त्री’चे जुने अंक एका मावशींनी पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवले होते. त्या शाळेत चौथीपर्यंतच गेल्या होत्या, पण वाचन इतके की पोरांच्या निबंधांत चुका काढायच्या.

नांगर विकणाऱ्या कंपनीने मासिके का काढावीत? रूढींवर हल्ला करणारा मजकूर छापला की गिऱ्हाईक दुखावते, हे त्यांना कळत नव्हते असे नाही. पण नव्या अवजाराचा संशय शहाणपणाचा असला, तरी लोखंडाने जमीन विषारी होते ही समजूत आणि विटाळाची समजूत एकाच मुळातून येतात, हे लक्ष्मणरावांनी सुरुवातीच्या दोन वर्षांतच अनुभवले होते. माणूस विचार करू लागला तर नांगरही घेईल आणि मुलीला शाळेतही घालील. हे दोन्ही एकच काम आहे असे मानूनच वाडी चालली.

या वाडीला आगही लागली. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ साली आमच्या भागात ब्राह्मणांच्या घरांवर आणि मालमत्तेवर हल्ले झाले, त्यात किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळला गेला. ज्या मुलखासाठी नांगर केले त्या मुलखानेच हे केले, असे म्हणून तिथून कायमचे निघून जाणे सोपे होते. तोवर हरिहर, बंगळूर, पुण्यात किर्लोस्करांचे दुसरे कारखाने उभे राहिले होते. तरीही वाडीचा कारखाना पुन्हा उभा करण्यात आला. तिथे आजही पंप तयार होतात. आमच्या भागाने त्या आगीची शरम बाळगावी आणि त्या पुन्हा उभे राहण्याचा मान ठेवावा, असे मला मनापासून वाटते.

आता जे खटकते तेही सांगतो. वाडीतले सगळे चांगले मालकाच्या इच्छेने झाले. घर त्यांचे, नोकरी त्यांची, नियम त्यांचे. मालक लक्ष्मणरावांसारखा असला तर गाव सुखी, नसला तर त्याच व्यवस्थेचा कोंडवाडा होतो. त्यामुळे मालकाचा चांगुलपणा कागदावर, हक्काच्या रूपाने उतरणे फार महत्त्वाचे. नागपूरला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. तिथे १८८६ साली कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी उभा राहिला आणि १८९५ साली अपघाताची भरपाई सुरू झाली. देशात अपघात भरपाईचा कायदा आला १९२३ साली, भविष्यनिर्वाह निधीचा १९५२ साली. आधी कुणीतरी आपणहून करून दाखवले, मग कामगारांनी लढून त्याचा हक्क केला, मग कायदा झाला. यातली एकही पायरी गाळता येत नाही. जो मालक चांगला आहे त्यालाही कायद्याची आणि संघटनेची भीती वाटू नये, कारण त्याच्या माघारी त्याचे काम टिकणार ते त्यांच्याच जोरावर.

२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले आहे. त्यातून आमच्या भागात शाळांना बाके आली, पाण्याच्या टाक्या आल्या. त्याला मी नावे ठेवणार नाही. पण हे दोन टक्के नफा झाल्यानंतरचे आहेत, आणि उरलेले अठ्ठ्याण्णव कसे मिळवले हे त्यात कुणी विचारत नाही. वाडीत हा प्रश्न सुरुवातीलाच सोडवलेला होता. कोणती वस्तू करायची, कुणासाठी करायची, कुणाला सोबत घ्यायचे, पोकळ फाळाचे काय करायचे, या प्रश्नांच्या उत्तरांतच त्यांचे समाजकार्य येऊन गेले. नफा त्यांना नकोसा नव्हता. तो झाला, भरपूर झाला, आणि पंप, इंजिने, यंत्रहत्यारे असा धंदा वाढत गेला. फक्त त्याची पाळी नंतर आली.

आज पलूसच्या औद्योगिक वसाहतीत आणि कोल्हापूर-सांगलीच्या फौंड्र्यांत भट्टीपाशी उभे असणारे पुष्कळ हात बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेले आहेत. पत्र्याच्या खोलीत आठ-आठ जण दाटीवाटीने राहतात, बायकापोरे गावी. गावात काही हरवले की पहिला संशय त्यांच्यावर, अगदी त्या हजेरीच्या दिवसांसारखा. माझ्या हाताखालून गेलेली कितीतरी पोरे आता लहान-मोठ्या फौंड्र्यांची मालक झाली आहेत. ध्येय वगैरे कुठून सुरू करायचे, असे ती मला विचारतात. मी त्यांना सांगतो, की आधी या माणसांना कुटुंबासह राहता येईल अशी दोन खोल्यांची घरे बांधा, त्यांचा भविष्यनिर्वाह निधी पहिल्या महिन्यापासून भरा, आणि स्टोअरची किल्ली त्यांच्यातल्या एखाद्याच्या हाती द्या. या वर्षीच्या ताळेबंदात हा खर्च टोचेल. लक्ष्मणरावांना पहिल्या नांगराची दोन वर्षे टोचलीच होती. ज्याला तेवढा धीर नाही त्याने खुशाल धंदा करावा, पण भिंतीवर मूल्यांची पाटी लावू नये.